तू मला न दाखवलेलं झाड

कांती, तू गेल्यावर तुझ्या उठावण्याच्या बैठकीला मी शेवटपर्यंत बसलो नाही. अर्धी बाजारपेठ तिथं होती. सगळ्यांच्या देखत मी ताडकन उठलो, चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडलो. लोक म्हणाले असतील, दत्तूला दुःख आवरलं नाही. दुःख होतंच. पण मला उठवलं ते रागानं.

झालं काय, ते सांगतो. माझ्या शेजारी एक म्हातारा येऊन टेकला. डोक्याला मळकं मुंडासं, हातात पळसाच्या पानात गुंडाळलेला आंब्याचा मोहर. तुम्हा जैनांत असलं काही वाहतात की नाही ते त्याला ठाऊक नव्हतं, म्हणून तो मोहर तसाच मांडीवर धरून बसला होता. मला म्हणाला, "तुमीच का दत्तूशेठ, वखारवाले? मी कोंडाजी. घाटघरच्या अंगाला राहतो. शेठ लई सांगायचे तुमचं." ऐकून मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "आमच्या आंब्याकडं शेठनी पुन्याचे मास्तर आनले, भाच्याला आनलं. म्या इचारलं, तुमचं ते दोस्त न्हाई आलं कंदी? तर म्हनले, दत्तूला हितं आनायचं न्हाई."

दत्तूला इथं आणायचं नाही. कांती, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात तू जेवढी म्हातारी झाडं शोधलीस, त्यांतल्या बहुतेकांपर्यंत तुला माझी जीप घेऊन गेली. डिझेल माझं, चिखलात धक्का मारायला खांदा माझा, आणि घाटात इंजिन तापलं की शिव्याही माझ्या. आणि एक झाड तू माझ्यापासून लपवून ठेवलंस. परक्या मास्तराला दाखवलंस, मला नाही. का, ते विचारायला तू आता नाहीस. म्हणून इथं विचारतो आहे.

आपलं हे फिरणं तूच सुरू केलंस. नव्वदच्या आगेमागे टोमॅटो असा पिकायला लागला की माझ्या वखारीत पेट्या ठोकायला माणसं पुरेनात. वारूळवाडीच्या हमालाचा पोर मी. दुसऱ्याच्या पेट्यांना खिळे मारता मारता स्वतःची करवत उभी केली होती, आणि त्याची मस्ती अंगात होती. तू दुकान बंद करून घरी जाताना वखारीच्या फाटकाशी थांबायचास. एकदा म्हणालास, "दत्तू, तू झाडं फक्त आडवी बघतोस. कधी उभी बघ की."

"उभीच बघतो. उभी बघूनच सौदा होतो."

"सौदा न करता बघ म्हणतोय."

"मग बघायचं कशाला?"

तू हसलास. पांढरं स्वच्छ धोतर, कपाळावर केशराचा टिळा, आणि हसताना खांदे हलायचे तुझे. दुसऱ्या दिवशी दुकानाची सुट्टी होती. तू खाकऱ्यांचा डबा घेऊन वखारीत हजर, आणि मी शिव्या देत जीप काढली.

पहिलं झाड आठवतं? घाटघरच्या अलीकडे ओढ्यातला उंबर. मोळी घेऊन चाललेल्या एका बाईनं वाट दाखवली. खोलीएवढा धोंडा, आणि उंबरानं त्याला चारी बाजूंनी मुळ्यांत असा धरलेला की धोंडा झाडाचा की झाड धोंड्याचं, काही कळू नये. तू पाण्यात पाय सोडून बघत बसलास. मी खिशातली सुताची दोरी काढली. झाडाच्या कमरेला दोरी फिरवायची, तिची चौपदरी घडी घालायची, त्या घडीला तिनंच गुणायचं आणि मग खोडाच्या उंचीनं. किती घनफूट माल निघेल ते मला तोंडपाठ यायचं. मी म्हटलं, "उंबर आहे, टिकायचं नाही. पेटीला चाललं असतं."

तू वळूनही बघितलं नाहीस. नुसतं म्हणालास, "ती दोरी खिशात घाल राव. झाडाला कफनाचं माप घेतल्यासारखं वाटतं."

त्या दोरीवरून आपण पुढं किती भांडलो! तुझं म्हणणं, काही झाडांचा भाव विचारायचा नसतो. माझं म्हणणं, भाव विचारल्यानं झाड पडत नाही, भाव ठरल्यानं पडतं. तू म्हणायचास, झाडाकडं बघताना तुझे डोळे दोरीसारखे होतात. मी म्हणायचो, तुझ्या दुकानाच्या फळ्या सागवानी आहेत आणि त्या मी दिलेल्या आहेत. त्यांवर तेलाचे डबे मांडताना नाही तुला कफन आठवत. तू डबा उघडायचास. माझ्या लसणाच्या चटणीचा वास नको म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला जाऊन बसायचास आणि तिथूनच ओरडून उरलेलं भांडण पुरं करायचास. सूर्य कलायला लागला की तुझी जेवायची घाई. मावळला की तू पाण्यालाही शिवायचा नाहीस. तुझ्या त्या नेमापायी किती वेळा मी अर्ध्या वाटेवर जीप थांबवली आहे.

आहुप्याच्या देवराईत तर तू मला खरंच रडकुंडीला आणलंस. बाहेर चपला काढून आपण आत गेलो. भर दुपारी तिथं संध्याकाळ होती. जांभळीच्या खोडांना शेवाळाची सालच आलेली, आणि त्या खोडांवरून गारंबीचा वेल, माझ्या मांडीएवढा जाड, अजगरासारखा झोके घेत गेलेला. तू इकडं तिकडं बघितलंस आणि टुणकन त्या वेलावर बसलास. नारायणगावचा किराणा शेठ, धोतर सावरत झोका घेतोय! मी हसून खाली बसलो. त्या हसण्याच्या नादात पायाशी पडलेली गारंबीची एक मोठी तपकिरी बी मी खिशात टाकली. नातवंडांना खेळायला होईल म्हणून.

डिंभ्याच्या पुढं आल्यावर ती तुला दिसली.

"देवराईतली आहे ती?"

"मग काय बाजारातली आहे?"

"जीप वळव."

"कांती, डोकं फिरलंय का तुझं? एका बीसाठी घाट चढू परत?"

"तिथलं वाळकं पानसुद्धा बाहेर नेत नाहीत. ती माणसं पाळतात, तर आपण पाळायचं."

"अरे, तो देव माझा नाही आणि तुझा तर मुळीच नाही!"

"ज्यांचा आहे त्यांचा आहे ना," तू म्हणालास आणि हाताची घडी घालून बसलास. मी गिऱ्हाइकाला तोंडानं वाकवणारा माणूस, पण तुझ्या त्या घडीपुढं माझं कधी चाललं नाही. जीप वळवली. तू बी जागेवर ठेवून आलास. त्या दिवशी तुला उपाशी झोपावं लागलं, आणि मला त्याचा आनंद झाला होता, हेही सांगून टाकतो.

आता मुद्द्यावर येतो. तुला शेंदराची गोष्ट मीच सांगितली होती.

मंचरकडच्या एका बांधावरची चिंच मी घेतली होती. विसार दिला, तोडणारी माणसं घेऊन गेलो. बघतो तर बुंध्याशी शेंदूर फासलेला दगड आणि पुढं फुटका नारळ. तोडणाऱ्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. देवाच्या झाडाला आमची माणसं हात लावत नाहीत, दुप्पट मजुरी दिली तरी नाही. मी दगडाला बोट लावून बघितलं. तेल ओलं होतं! म्हणजे भावाभावांत भांडण, एकाला झाड विकायचं नाही, म्हणून त्यानं रातोरात देव बसवला. मी त्या बांधावर असा थयथयाट केला की विहिरीवरच्या बाया पाणी टाकून बघायला आल्या. पण झाड सुटलं ते सुटलंच.

हे सगळं मी तुझ्या दुकानात बसून संतापानं सांगत होतो. तू मसाल्याच्या पुड्या बांधता बांधता थांबलास. "म्हणजे कुणीही लावला तरी चालतो?"

"चालतो कसला? फसवणूक आहे ती!"

"नाही, पण तोडणारे मागं फिरतात ना?"

"फिरतात."

"आणि तेलातच कालवायचा का?"

मी म्हटलं, माझं नुकसान झालंय आणि याला तेल सुचतंय. शेंदूर तूच विकायचास, कापराच्या शेजारच्या बरणीतला. मला वाटलं, दुकानदारी बोलतेय.

त्याच सुमाराला तुझ्या दुकानाच्या दारातला तो काळा दगड नाहीसा झाला. दाराला टेकू द्यायला तू ठेवलेला, भोपळ्याएवढा, एका बाजूनं टवका उडालेला. येता-जाता माझा अंगठा त्यावर ठेचायचा आणि मी त्याच्या सात पिढ्या काढायचो. एके दिवशी दगड नाही. विचारलं तर तू म्हणालास, "तुझ्या शिव्यांना कंटाळून गेला बिचारा." मी हसलो आणि विसरलो.

मग दोन हजारनंतर प्लास्टिकचे क्रेट आले. लाकडी पेटी कुणी विचारेना. मी करवत विकली, वखारीच्या जागेत क्रेट भाड्यानं द्यायला लागलो. तुला सांगायला आलो तेव्हा तू उठून मला साखर दिलीस चिमूटभर. म्हटलं, चला, आता तरी दोरीवरचं भांडण मिटलं. आणि खरंच दोरी मी खिशातून काढून ठेवली. आपण फिरतच राहिलो; गुडघे दुखायला लागले तरी फिरलो. आणि कांती, मला सगळ्यात जास्त लागलंय ते हे. वखार असताना नाही दाखवलंस, मी समजू शकतो. वखार गेल्यावर कशाची भीती होती तुला?

उठावण्याच्या दुसऱ्या दिवशी मी कोंडाजीला जीपमध्ये घातलं. रात्री तो मुलाच्या सासुरवाडीला जुन्नरला उतरला होता. घाटघरच्या रस्त्यावरून उतरून, भातखाचरांच्या कडेकडेनं, एका टेपाडाला वळसा घातला, आणि तो आंबा समोर आला.

मी आयुष्यात इतकी झाडं बघितली, विकत घेतली, कापली. असा रायवळ आंबा बघितला नव्हता. खोड म्हणजे घरच. एक फांदी जमिनीला टेकून पुन्हा उठलेली, जणू म्हातारा कोपर टेकून बसलाय. सगळा मोहरलेला, आणि मधमाश्यांचा नुसता घुमारा. माझा हात आपोआप खिशाकडं गेला. दोरी नव्हती. बरं झालं नव्हती.

मग सवयीनं पुढं झालो आणि खोडावर तळहातानं थाप मारली. एकदा इथं, एकदा तिथं. वर एक ढोली होती, तिच्यातून पोपट ओरडत उडाले.

कांती, झाड पोकळ आहे. आतून पार पोकळ. रिकाम्या पिंपासारखा आवाज येतो. पेटीची एक फळी निघायची नाही त्यातून. कुठल्याही वखारवाल्यानं थाप मारली असती आणि चहासुद्धा न पिता परत गेला असता. मी तर फुकट दिलं असतं तरी नेलं नसतं. ज्या झाडाला माझ्यापासून कसलंच भय नव्हतं, तेवढंच तू माझ्यापासून लपवलंस! मला एकदा आणलं असतंस तर एका थापेत सांगितलं असतं, निर्धास्त राहा. पण नाही. तुला झाडं कळत होती, लाकूड कळत नव्हतं. आणि विचारायचं म्हटलं तर मलाच विचारावं लागलं असतं.

हे सगळं मनात चाललं होतं, तोवर पायाला काहीतरी ठेचलं. अंगठाच. मी खाली बघितलं.

शेंदूर उडत आलेला. एका बाजूनं टवका गेलेला. भोपळ्याएवढा.

मी तिथंच खाली बसलो. कोंडाजी घाबरला, म्हणाला, "पानी देऊ का?" मी म्हटलं, "हा देव कुठला?"

"हाच की, आंब्याचा देव. पोरांची माय दिवा लावती. नवसाला नारळ येत्यात गावातून."

"कुणी बसवला?"

कोंडाजीनं माझ्याकडं बघितलं, मग झाडाकडं. "तुमी शेठचे दोस्त म्हनून सांगतो. शेठ एसटीतनं उतारले, पिशवी हातात, आन् वझ्यानं निस्ते वाकलेले. मी खाचरातनं बघत व्हतो. बसवला, शेंदूर लावला, हात जोडले. मला बघून असे लाजले, जसं चोरी करताना धरलं."

"मग तू बोलला नाहीस?"

"कशापायी बोलू? पोरं आंबा इकाया निघाली व्हती. मला इकायचा नव्हता. माझं कोन ऐकतंय घरात? देवाचं ऐकलं."

तेव्हा मला कळलं, वखार गेल्यावरसुद्धा तू मला का आणलं नाहीस. मास्तराला तो दगड म्हणजे देव, भाच्याला देव. मी एका नजरेत ओळखला असता. बाजारपेठेत ज्याच्या शब्दाला कुणी पावती मागत नव्हतं, त्या कांतिलाल शेठनं गोणपाटाच्या पिशवीतून खोटा देव आणून बसवला, हे ओळखणारा जगात मी एकटाच होतो. आणि मी काय केलं असतं तेही तुला माहीत होतं. हसलो असतो. भर पेठेत तुला ‘पुजारी’ म्हणून हाका मारल्या असत्या. मरेपर्यंत सोडलं नसतं.

हे खरं आहे. तरीपण माझी तक्रार मागं घेत नाही. हसलो असतो, आणि मग तुझ्याबरोबर तिथं बसलोही असतो की नाही? पहिल्या अर्ध्याला भिऊन दुसरा अर्धा तू दोघांचाही घालवलास. त्या फांदीच्या कोपरावर दोन म्हातारे आरामात बसतील एवढी जागा आहे. तू वाऱ्याच्या वरच्या अंगाला, मी चटणी घेऊन खालच्या अंगाला. ते नाही झालं. याची भरपाई तू कशानं करणार, सांग.

निघताना कोंडाजी म्हणाला, "शेठ, तुमी लाकडातले मानूस. एक सांगा. पोरं अजून मधनंच म्हनत्यात, देवाला बाजूला बसवू आन् आंबा देऊ. माल कसा हाय ह्यो?"

कांती, खोट काढणं हा माझा धंदा. गाईत, जमिनीत, जीपमध्ये, सोयरिकीत, समोर आलेल्या कुठल्याही वस्तूतली खोट मी आधी बोलून दाखवतो, मग भाव बोलतो. त्यावरच मी उभा राहिलो. आणि इथं तर झाड पोकळ, देव खोटा, दोन्हींची खोट माझ्या एकट्याच्या हातात. पण पोकळ म्हणावं, तर पोरं म्हणणार, मग पडेल कुणाच्या तरी अंगावर, पाडा आजच, वीटभट्टीला जळण म्हणून जाईल. भरीव म्हणावं, तर गिऱ्हाईक शोधायला निघणार.

मी म्हटलं, "कोंडाजी, देवाच्या झाडाचा भाव मी सांगत नाही."

म्हातारा समाधानानं हसला. मला मात्र तुझी आठवण येऊन असा राग आला की जीपचं दार दोनदा आपटलं तेव्हा लागलं. तुझंच वाक्य तू माझ्या तोंडून वदवून घेतलंस, आणि ऐकायला थांबला नाहीस.

गाडी वळवताना कोंडाजी खिडकीशी आला. "शेंदूर शेठच आनायचे. पाडव्याच्या आधी. औंदा पाडवा तोंडावर आलाय, आन् देव पार फिका पडलाय."

मी गिअर टाकला. कबूल झालो नाही, नाही म्हटलं नाही.

आज सकाळी तुझ्या दुकानात गेलो. भाचा गल्ल्यावर बसला होता. दाराला टेकू म्हणून त्यानं लोखंडी पट्टी लावली आहे. वहिनी आतून आल्या. मी म्हटलं, "वहिनी, थोडा शेंदूर हवा होता."

त्यांनी बरणीला हात लावला नाही. कापराच्या डब्यामागून एक पुडी काढली, तू बांधायचास तशी, चारी टोकं आत मुडपलेली. या वर्षीची. बांधून ठेवली होतीस, न्यायची राहिली.

"दर पाडव्याला एवढीच न्यायचे," वहिनी म्हणाल्या. "आमच्यात शेंदूर कुठं लागतो? मी किती वेळा विचारलं, कुणासाठी नेता, तर नुसते हसायचे. तुम्हाला सांगितलं असेल ना? तुमच्यापासून कधी काही लपवलं नाही त्यांनी."

भाचा वजनं पुसत होता, तो थांबला. वहिनी माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

पुडी खिशात ठेवली, जिथं दोरी असायची तिथं. म्हटलं, "सांगितलं की."